तुळजापूरच्या खात्यावर जमा होणारी पावलं

चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या : "बायपासनंतरचा पाचवा दिवस. रुग्ण चालायला नकार देतो. नैराश्य असू शकेल, कृपया पाहावे." चिठ्ठी फिजिओथेरपिस्टनं पाठवली होती.

मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात समुपदेशक आहे. बायपासनंतर माणूस खचतो, रडतो, बोलेनासा होतो, हे आम्हाला नवं नाही. म्हणून मीही नैराश्य गृहीत धरूनच वॉर्डात गेले. ते चुकलं, आणि चुकलंय हे कळायला मला दोन दिवस लागले. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या दोन दिवसांमुळे. रुग्ण आणि त्यांच्या पत्नी, दोघांनीही लिहायला परवानगी दिली आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी स्वतः देव मानते. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी रांगेत उभी राहते. घरात कुणी आजारी पडलं की माझाही हात आपसूक जोडला जातो. त्यामुळे "तुमच्यासाठी देवाला सांगते" हे वाक्य ऐकणाऱ्याला टोचू शकतं, हे मला शिकावं लागलं.

मास्तर

त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय ६७. गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. घर पूर्व भागात, शेजार तेलुगू बोलणारा, भिंतीला भिंत लावून विड्या वळणाऱ्या अक्का राहतात. एक मुलगी, पुण्याला नोकरीला. पत्नी, म्हणजे आमच्या काकू, गुरुवारी अक्कलकोटला जाणाऱ्या, नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्या.

मास्तर विशीपासून देव मानत नाहीत. कशामुळे, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लोकांना वाटतं घरात कुणी तरुण गेलं असेल, म्हणून देवावर राग असेल. तसं काही नाही ओ. राग धरायला आधी तो आहे असं वाटावं लागतं. मी वाचत गेलो, विचार करत गेलो, आणि एक दिवस बघतो तर ते उरलंच नव्हतं." नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना ते जात. सभासद मात्र कधी झाले नाहीत. तरी मेहुणा त्यांना "अंनिसवाले" म्हणतो, आणि त्याच्या लेखी अंनिसवाला म्हणजे देवाचा वैरी. समितीचा झगडा फसवणुकीशी होता, २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही पूजेला, वारीला, प्रदक्षिणेला हात लावलेला नाही, हे मास्तरांनी त्याला अनेकदा समजावलं. उपयोग झाला नाही.

दाखल होताना एक बारीक गोष्ट घडली. अर्जावर "धर्म" असा रकाना होता. खिडकीवरच्या मुलानं आडनाव बघून तो न विचारता भरून टाकला. मास्तर काही बोलले नाहीत, छातीत दुखत असताना कोण भांडेल? मला त्यांनी ते पुढे सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. पण ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. २०११ च्या जनगणनेत "धर्म सांगितला नाही" अशा गटात देशभरातले सुमारे २८.७ लाख लोक मोजले गेले, म्हणजे ०.२४ टक्के. त्यातही सगळे न मानणारे असतील असं नाही. मास्तरांसारखा माणूस आपल्या गल्लीत, आपल्या घरात, आपल्या वॉर्डात बहुतेक वेळा एकटाच असतो. पुढचं सगळं वाचताना हा एकटेपणा ध्यानात ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियेआधीची रात्र

आदल्या दिवशी डॉक्टरांनी संमतीपत्र दिलं. मास्तरांनी ते चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं, दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि मग सही केली. रात्री झोपेची गोळी मिळाली. साडेदहाच्या सुमाराला मेहुणा आला. अक्कलकोटचा अंगारा आणि मंतरलेला काळा दोरा घेऊन. मास्तर गाढ झोपेत होते. त्यानं कपाळाला अंगारा लावला, डाव्या मनगटाला दोरा बांधला, हात जोडले आणि गेला. काकू शेजारी बसून होत्या. त्यांनी अडवलं नाही.

पहाटे पाचला अंघोळीसाठी उठवलं तेव्हा मास्तरांना दोरा दिसला. "हे कुणी बांधलं?"

मनगटावर काहीच ठेवायचं नसतं. तिथल्या रोहिणीत रक्तदाब मोजायची नळी घालतात, शिवाय जंतूंचा प्रश्न असतो. अंगठ्या, बांगड्या, गंडेदोरे सगळं काढावं लागतं, आणि कुटुंबाला विश्वासात घेऊन ते आदल्या संध्याकाळीच झालेलं असावं लागतं. हा दोरा रात्री उशिरा बांधलेला, म्हणून राहून गेला. सिस्टरनं कात्री आणली, कापला, ट्रेमध्ये टाकला. दारातून काकू बघत होत्या.

मास्तर त्यांना म्हणाले, "काल डॉक्टरांनी सगळं वाचायला देऊन सही घेतली. आणि तुम्ही झोपलेल्या माणसाच्या अंगावर काय वाटेल ते करता?"

शस्त्रक्रियेआधी नवराबायकोत झालेलं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर स्ट्रेचर निघालं आणि काकू पाच तास बाहेरच्या बाकावर बसल्या. एकट्या. मुलगी पुण्याहून निघालेली, वाटेत होती. डोळ्यांपुढे ट्रेमध्ये पडलेला कापलेला दोरा. कुणालाही अपशकुनच वाटला असता. त्या बाकावर बसून त्यांनी तुळजापूरच्या आईला नवस बोलला : ह्यांना वाचव, कोजागिरीला सोलापूरहून चालत तुझ्या दारी आणते.

आमच्याकडच्या वाचकांना कोजागिरीचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. अश्विनी पौर्णिमेला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, कर्नाटकातूनही येतात. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता वाहनांना बंद करून वळवावा लागतो. वाटेत लोक चहा देतात, फराळ देतात, दमलेल्यांचे पाय चोळून देतात. देव न मानणाऱ्यालाही ती रात्र बघावीशी वाटेल अशी असते. मास्तरांनाही वाटायची. शाळेत असताना ते तुळजापूर नाक्यावर पोरांना घेऊन पाणी वाटायला उभे राहत.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. अडलेल्या रक्तवाहिन्यांना वळसा देणारी तीन कलमं बसवली. दोन दिवस अतिदक्षता विभाग, तिसऱ्या दिवशी वॉर्ड. चौथ्या दिवशी मेहुणा भेटायला आला आणि म्हणाला, "दाजी, ताईनं आईला बोललंय, चालत आणते म्हणून. आता लागा सरावाला. आता तरी मानाल का नाही?"

पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली, काकू कौतुकानं म्हणाल्या, "चला, तुळजापूरला जायचंय ना." मास्तर पलंगावरून पाय खाली सोडेनात.

माझी चूक

पहिल्या भेटीत मी ठरलेले प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक आहे का, कशात मन रमतं का, जगण्याचा कंटाळा येतो का. उत्तरं नैराश्याची नव्हती. झोप बरी, पेपर रोज वाचतात, नात काय म्हणते ते फोनवर ऐकतात. फक्त चालायचं नाही आणि काकूंच्या हातचं जेवायचं नाही. न चालणं धोक्याचं असतं. फुफ्फुसात कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. डॉक्टर अस्वस्थ होते.

नवसाचं कळल्यावर मी म्हणाले, "मास्तर, त्यांच्या समाधानासाठी हो म्हणून टाका. तुमचं काय जातं?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं मला हेच विचारतात. तुमचं काय जातं. तीर्थ घ्या, काय जातं. टिळा लावा, काय जातं. काय जातं ते सांगू? उद्या मी गेलो तर हेच लोक सांगतील, शेवटी मास्तरांनी मानलं. मला तेव्हा उठून 'नाही' म्हणता येणार नाही."

मी निरुत्तर झाले. वहीत मी आधी "चिडचिड, शस्त्रक्रियेनंतरची" असं लिहिलं होतं. ते खोडलं. हे लिहिणं सोपं होतं, कारण त्यात माझ्या बाजूनं काही बदलावं लागत नव्हतं. माणूस देवाचं नाव ऐकून चिडला की आपण त्याच्या मनाचा आजार शोधतो, वाक्याचा अर्थ शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्नच बदलला. म्हटलं, "या आठवड्यात तुमच्यासाठी देवाचं नाव किती जणांनी घेतलं? आणि कुठलं कसं लागलं ते सांगा."

कुठलं लागलं, कुठलं नाही

हा तास या प्रकरणाचा गाभा आहे. म्हणून त्यांनी सांगितलं तसं सविस्तर लिहिते.

अक्कांचं मुळीच लागलं नव्हतं. त्या एक दिवसाच्या विड्या बुडवून आल्या होत्या, आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे बुडतात. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मास्तर, देवाला बोलले मी तुमचं." बस्स. तुम्हीही बोला, असं नाही. मास्तर म्हणाले, "ती तिच्या घरी तिच्या देवाशी बोलली. मला येऊन फक्त सांगितलं की तू माझ्या मनात होतास. ते मला का नको असेल? मला डोळ्यांत पाणी आलं."

दुसरी एक सिस्टर. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, ख्रिस्ती. तिनं रात्रपाळीत विचारलं होतं, "सर, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" ते म्हणाले, "तुझ्या मनात कर बाळ, माझ्यासमोर नको." ती "बरं सर" म्हणाली, उशी नीट केली, खोकताना ती उशी छातीशी कशी घट्ट धरायची ते शिकवलं आणि तीन छोट्या चेंडूंच्या श्वासाच्या यंत्रात श्वास ओढायला बसवलं. पुन्हा विषय काढला नाही. "तिनं विचारलं, मॅडम. आणि नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला नाही. विचारणं म्हणजे काय ते त्या पोरीला कळतं. नाही ऐकायची तयारी नसेल तर ते विचारणं नाही, ते कळवणं झालं."

हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

मग मेहुणा. इथे त्यांचा आवाज चढला. मला वाटलं होतं दोऱ्याचा राग असेल. तो होताच. झोपेत, गोळी दिलेली असताना, अंगाला हात. पण त्याहून जास्त लागलं होतं ते "आता तरी मानाल का नाही". म्हणजे मागणं होतं ते मास्तर बरे व्हावेत एवढंच नव्हतं, मास्तर बदलावेत हेही होतं. आजारपण ही त्याला संधी वाटली होती. "मी बरा व्हावा म्हणून कुणी काही केलं तर त्याला मी हवा आहे. मी बदलावा म्हणून केलं तर त्याला दुसराच कुणीतरी हवा आहे, माझ्या जागी."

रुग्णालयाच्या दारात एक पाटी आहे, बऱ्याच दवाखान्यांत असते तशी : आम्ही उपचार करतो, बरा तो करतो. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी ती वाचली होती. त्यांना ती अपमानाची वाटली नाही, अन्यायाची वाटली. शस्त्रक्रियेसाठी चार बाटल्या रक्त लागलं. ते देणारी चौघंही त्यांची जुनी पोरं. एक रिक्षा चालवतो, एक टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. "भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, देवानं वाचवलं. त्या चौघांचं नाव कुणी घेत नाही. मला आभार मानायचेत, मॅडम. पण मी आभार मानायच्या आत ते दुसऱ्याच पत्त्यावर जातात."

आणि नवस. त्याबद्दल बोलताना ते शांत झाले. आगरकरांची गोष्ट सांगितली. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी स्वतःच्या अंत्यविधीसाठी बाजूला काढून ठेवलेल्या पैशांची पुरचुंडी सापडली, असं सांगतात. मेल्यावरही कुणाचं देणं नको. "मी ही गोष्ट वर्गात किती वर्षं सांगितली. आणि आता माझ्या नावावर तुळजापूरचं कर्ज आहे, मी न काढलेलं. ज्या पायांनी फेडायचं ते पायही माझेच. या वॉर्डात मी दहा पावलं टाकली तरी ती तिकडच्या खात्यावर जमा होतात. म्हणून चालत नाही. चालायला मला काही होत नाहीये."

दूरच्या दोन अभ्यासांबद्दल

मी घरी जाऊन शोधाशोध केली. अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर, सहा रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला होता. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस अनोळखी लोकांनी काही रुग्णांसाठी प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, एवढंच ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्के आणि न झालेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. प्रार्थना नक्की होणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात मात्र ५९ टक्के. हा योगायोगही असू शकतो. आपल्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही, अशी धास्ती त्या रुग्णांना बसली असेल, असंही सुचवलं गेलं. ते रुग्ण काही न मानणारे म्हणून निवडलेले नव्हते, म्हणून हा आकडा मास्तरांवर चिकटवता येत नाही. मला त्यातून एवढंच घेता आलं की "तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे" हे सांगणं रुग्णाच्या मनात काहीतरी करतं, आणि ते नेहमी दिलाशाचंच असेल असं धरून चालू नये.

दुसरा अभ्यास या विषयाच्या जास्त जवळचा. २०१८ च्या सप्टेंबरात उत्तर कॅरोलायनात वादळ आलं. त्यानंतर तिथल्या लोकांना खऱ्या पैशांचा व्यवहार ठेवून विचारलं गेलं, कुणी तुमच्यासाठी प्रार्थना करणार असेल तर त्याची तुम्हाला किंमत किती? ख्रिस्ती लोकांनी अनोळखी ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेची किंमत सरासरी ४.३६ डॉलर केली, धर्मगुरूच्या प्रार्थनेची ७.१७. न मानणारे मात्र ती प्रार्थना होऊ नये म्हणून पदरचे पैसे सोडायला तयार होते : अनोळखी माणसाची टाळायला १.६६ डॉलर, धर्मगुरूची टाळायला ३.५४. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

धर्मगुरूची टाळायला जास्त पैसे, हे मला फार बोलकं वाटलं. अनोळखी माणूस निदान साधा माणूस तरी असतो. पण ही सगळी अनोळखी माणसांची गोष्ट आहे. पाच तास बाकावर बसलेल्या बायकोच्या नवसाला उणे किती डॉलर, हे कोण मोजणार? आपल्याकडे प्रार्थना परक्याकडून क्वचित येते. ती आईकडून येते, बहिणीकडून येते, चाळीस वर्षं ज्या ताटात जेवलो त्या ताटाच्या बाजूनं येते. टाळायची तर माणूसच टाळावा लागतो. मास्तर काकूंच्या हातचं जेवत नव्हते ते यामुळेच.

काकूंची बाजू

काकूंशी मी व्हरांड्यात बोलले. त्या आधी रागात होत्या. "चाळीस वर्षं मी यांच्या न मानण्याला जागा दिली, मॅडम. माझा देव्हारा स्वयंपाकघरात कपाटाआड आहे. पोरीच्या बारशाला भटजी नाही. सासूबाईंचं काही केलं नाही, लोकांची बोलणी मी खाल्ली. आणि एक नवस बोलले तर जेवण बंद?"

हे खोटं नव्हतं. मास्तरांनी आपल्या विचाराची किंमत मोजली, तशी थोडी काकूंकडूनही मोजून घेतली. हे मी पुढे मास्तरांनाही सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

मग मी विचारलं, "नवस बोलताना चालत आणते असंच का बोललात? ओटी भरते, अभिषेक करते, असंही बोलता आलं असतं."

त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत नेताना ते आडवे होते ना, डोळे मिटलेले. मला वाटलं हेच शेवटचं बघणं. मग मी डोळे मिटले तर ते मला चालताना दिसले. पांढरा शर्ट, पिशवी खांद्याला, शाळेत जायचे तसे. म्हणून तेच तोंडातून आलं. मी काय करायचं होतं मग, पाच तास भिंत बघत बसायचं?"

एवढ्या दिवसांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मास्तरांपर्यंत नवस पोचला होता तो मेहुण्याच्या तोंडून, आज्ञा होऊन.

सातव्या दिवशी दोघांना एकत्र बसवलं. मी काकूंना एवढंच म्हटलं, मला सांगितलंत ते यांना सांगा. त्यांनी सांगितलं. पांढऱ्या शर्टापाशी त्यांचा आवाज फुटला. मास्तर खिडकीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होतात का?"

त्या संध्याकाळी मास्तर व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. काकू बरोबर होत्या. तुळजापूरचं नाव कुणी काढलं नाही.

फेडायचं कुणी

समजूत पटली म्हणून नवस सुटत नाही. हे न मानणाऱ्या माणसाला कळायला अवघड जातं. काकूंची भीती खरी होती. बोललेलं फेडलं नाही तर पुन्हा काही होईल, या विचारानं त्यांना रात्री झोप लागत नव्हती. आणि मास्तर नवस म्हणून चालणार नव्हते. मला कुणालाच वाकवायचं नव्हतं. मी दोघांकडूनही एकेक गोष्ट लिहून घेतली : कशावर तडजोड होणार नाही. मास्तरांनी लिहिलं, "माझ्या नावानं नाही." काकूंनी लिहिलं, "बुडवायचं नाही."

तिढा सोडवला अक्कांनी, आणि माझ्यासमोर नाही. घरी सोडल्यानंतर काकू त्यांच्याशी बोलल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंड तुझं होतं, तर पाय पण तुझेच." बोलली तिनं फेडायचं. काकूंना ते पटलं, डोक्यावरचं उतरल्यासारखं झालं. माझ्या कुठल्याच वाक्यानं ते झालं नसतं. श्रद्धेतला पेच श्रद्धेच्याच भाषेत सुटावा लागतो, आणि ती भाषा अक्कांना येत होती.

पण काकूंचं वय ६१, गुडघे दुखरे. कोजागिरीला सात महिने होते. डॉक्टरांनी मास्तरांना छातीचं हाड सांधेपर्यंत वजन उचलायचं नाही, दुचाकी चालवायची नाही आणि रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं, असं सांगितलं होतं. रोज संध्याकाळी दोघं निघू लागली. अर्धा किलोमीटर, मग एक, मग पार्क चौकापर्यंत रिक्षानं जाऊन चार पुतळ्यांपासून पुढे. मास्तर वहीत दोघांची अंतरं लिहीत, दोन वेगळ्या रकान्यांत. ती वही त्यांनी मला पावसाळ्यातल्या भेटीत दाखवली. काकूंचा रकाना मोठा होता.

रक्त देणाऱ्या चौघांना त्यांनी घरी जेवायला बोलावलं. काकूंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पुरणपोळी केली. काकूंच्या मनात तो नवसाचाच भाग होता का, मी विचारलं नाही.

मेहुण्याचं जमलं नाही. त्याला अजून वाटतं की कापलेला दोरा आणि वाचलेला माणूस यांच्यामध्ये त्याच्या बहिणीचा नवस उभा आहे, आणि मास्तर कृतघ्न आहेत. मास्तर त्याच्याशी नमस्कारापुरतं बोलतात. मी त्यात पडले नाही. पडायला हवं होतं का, अजून ठरवता येत नाही.

रुग्णालयात मी दोन बदल सुचवले. पैकी एक झाला : दाखल होतानाचा धर्माचा रकाना आता विचारून भरतात आणि रिकामा ठेवता येतो. दोरा, अंगारा, तीर्थ यांबद्दल रुग्ण जागा असताना त्यालाच विचारावं, अशी सूचना नातेवाइकांच्या पत्रकात घालावी, हे माझं म्हणणं अजून टेबलावर आहे. पाटीबद्दल मी काही सुचवलं नाही. ती अनेकांना धीर देते, मी रोज बघते.

कोजागिरी आणि नंतर

कोजागिरीच्या संध्याकाळी मास्तर रूपाभवानीच्या देवळापर्यंत काकूंबरोबर चालत गेले. तिथून काकू, अक्का आणि गल्लीतल्या आणखी तिघी पुढे गेल्या. मास्तर नाक्यावर थांबले आणि रात्री अकरापर्यंत पाणी वाटत बसले, पूर्वीसारखे. काकूंचे पाय तामलवाडीला सुजले. तिथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी त्या तुळजापूरला पोचल्या. परत आल्यावर मास्तरांनी गरम पाण्यात मीठ टाकून दिलं.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, दोघं पुन्हा आली. या वेळी मास्तरांचा मोतीबिंदू होता, छोटंसं काम. मी व्हरांड्यात भेटले तेव्हा काकू त्यांना विचारत होत्या, "या वेळी मी काय करू?"

"आत नेईपर्यंत हात धर. मग बाहेर बस. मुलीला फोन लाव."

"आणि मनातल्या मनात?"

मास्तरांनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "मनातलं तुझं तू बघ," म्हणाले, आणि हात पुढे केला.